रेवणसिद्धची दीड मात्रा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या लातुरात दोन गोष्टी बाहेरून आल्या. एक अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, जी खाऊन सगळ्यांची पोटं बिघडली. दुसरी एका पडेल पिक्चरची रेकॉर्ड, जी ऐकून सगळ्यांचे कान बिघडले. पोटं पुढच्या सुगीला सुधारली. कानांचं अजून व्हायचंय.

रेकॉर्ड निजामोद्दीनची. निजामभाई म्हणजे लाऊडस्पीकरवाले. लग्न असो, उरूस असो, सभा असो, भोंगा त्यांचाच. तो पिक्चर आमच्या टॉकीजला चार दिवस चालला, त्यातले दोन दिवस डोअरकीपरच्या नातेवाइकांनी भरून काढले. पुढं त्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. रेडिओनंही त्यातली गाणी टाकून दिली. पण निजामभाईंनी हैदराबादहून रेकॉर्ड आणून ठेवली होती आणि आणलेली वस्तू वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यातलं एक गाणं ते दर वरातीत दोनदा लावायचे. वर्षभरात ते लातूरचं गाणं झालं. बाकी देशाला त्याची खबर नव्हती, आणि बाकी देशाला खबर नाही याची लातूरला खबर नव्हती.

त्या गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये गिटारचा एक पीस होता. छातीशी धरून छेडतात ती गिटार नव्हे. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवतात ती, जिचा सूर एका जागेवरून दुसरीकडं जाताना पावलं टाकत नाही, घसरत जातो. हा पीस तीन पायऱ्या चढायचा, चौथीवर पाय टाकणार तेवढ्यात ‘टक’ असा आवाज यायचा, आणि सूर एकदम तळघरात.

हा ‘टक’ कुठून आला ते मी सांगतो, कारण गावात ते सांगणारा दुसरा कुणी मिळणार नाही. औशाच्या रस्त्याला खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं होतं. उद्घाटनाला एक पुढारी आले. भोंगा निजामभाईंचा, आणि पुढारी येईपर्यंत हेच गाणं चालू. पुढाऱ्यांनी हातोडा उचलून पहिला दगड फोडला. जन्मात फोडलेला तो त्यांचा पहिलाच दगड असल्यामुळे कपची उडाली ती थेट फिरत्या रेकॉर्डवर. टाळ्या वाजल्या. त्या दिवसापासून सुई त्या जागी आली की एक घर पुढं उडी मारायला लागली आणि मधली दीड मात्रा गडप झाली.

दुसऱ्या गावानं रेकॉर्ड बदलली असती. लातूरनं नाच बदलला. गिटार तीन पायऱ्या चढली की वरातीतली पोरं तयारीत यायची, आणि ‘टक’ झालं की सगळी एकदम हवेत. व्याही उडायचे, मामा उडायचे, एकदा तर घोड्यावरचा नवरदेव उडाला आणि घोडं पुढं गेलं. एकदाच कधीतरी विविध भारतीवर ते गाणं लागलं होतं. तेव्हा गोलाईतल्या हॉटेलात बसलेल्या जाणत्या मंडळींनी निकाल दिला की रेडिओवाल्यांनी मधेच काहीतरी जास्तीचं घुसडलं आहे.

आता रेवणसिद्ध. गंज गोलाईत त्याच्या बापाचं, गुरुपादप्पांचं, बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. गावातला शेतकरी भरल्या पोत्याची वाट पाहत असतो, गुरुपादप्पा रिकाम्याची. रेवण मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा उठला, आणि सोलापूरच्या एका बँडवाल्याकडून एक जुनी आडवी गिटार घेऊन आला. कुणी शिकवणारा जिल्ह्यात नव्हता. तेव्हा आमचा जिल्हाच उस्मानाबाद होता, आणि उस्मानाबादेत शिकवणारा असता तरी लातूरचा माणूस तिकडं शिकायला गेला नसता.

मग तो ऐकून शिकला. त्याची रीत सांगण्यासारखी आहे, कारण इतक्या अडचणीची रीत मी दुसरीकडं पाहिली नाही. निजामभाईंच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो गिटार घेऊन जायचा. निजामभाई सुई ठेवायचे. पहिले चार दिवस रेवण गिटारला हात लावायचा नाही. नुसतं तोंडानं म्हणायचा, ‘तँव तँव तियांऽव’, बारदाना मोजताना, जेवताना, घरी इष्टलिंगाची पूजा चालू असताना. तोंडात पक्का बसला की मग मशीनचा काटा पंचेचाळिसावरून तेहतिसावर आणायचा. गाणं हळू व्हायचं आणि सूर खाली जायचा, गाणारी बाई रेडा झाल्यासारखी वाटायची. मग गिटारच्या सगळ्या तारा तेवढ्या खाली उतरवायच्या, तो पीस तुकड्या-तुकड्यानं काढायचा, आणि काढून झाला की पुन्हा तारा वर चढवून पंचेचाळिसावर वाजवायचा. या चढ-उतारात आठवड्याला एक तार तुटायची.

“सुई घिसती ना बे,” निजामभाई म्हणायचे. “एक पीस के वास्ते मेरी पूरी मशीन खा गया तू.”

“एकदाच लावा, भाई. तिसऱ्या पायरीचा डावा भाग कळून नाही राहिला.”

“पायरी कू डावा-उजवा रहता क्या?”

“राहतो.”

राहत होता. त्या पिसात एक भलतीच गोष्ट होती. दोन तारा एकदम वाजायच्या, एकीचा सूर जागेवर उभा राहायचा आणि दुसरीचा त्याच्या शेजारून वर सरकायचा. आता कांडी एक, ती सरकवली की दोन्ही तारा सरकतात. एकीला थांबवून दुसरीला चढवायचं कसं, याच्यात रेवणनं एक अख्खा उन्हाळा घालवला. शेवटी त्यानं उपाय काढला. कांडीच्या मागच्या बाजूला अनामिका घालून ती एकच तार ओढायची. बोटाची साल निघाली, पुन्हा आली, पुन्हा निघाली, आणि पुढं तिथं खारकेच्या बीएवढा घट्टा पडला. गुरुपादप्पांना वाटायचं पोती शिवून पडला. त्यांच्या आनंदावर कुणी पाणी टाकलं नाही. गावात पाणी होतं कुठं.

‘टक’चं काय, तर तेही त्यानं बसवलं. निजामभाईंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वो डग्गे की थाप है.” रेवणनं ते मानलं आणि कांडीचं टोक गिटारच्या लाकडावर आपटून हुबेहूब ‘टक’ काढायला लागला. कान एवढा चोख की खोटंसुद्धा खरं वाजवायचा. अक्कल मात्र कानाच्या मानानं मागं राहिली होती. दहा वर्षं त्यानं हा पीस आमच्या लहानशा ग्रुपमध्ये वाजवला, मी शेजारी बोंगो वाजवत होतो, आणि आम्हा कुणालाही कधी शंका आली नाही की दीड मात्रा कुठं गेली. माझा हात तिथं आपोआप चुकायचा. चुकणं इतकं नेमानं झालं की त्याला ताल म्हणायची सवय लागली.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पाऊस त्या साली पुन्हा रुसला होता, टँकर तेच होते, घागरी त्याच होत्या, फक्त टँकरवरच्या पाटीला ‘जि. लातूर’ असा नवा रंग मारला होता. लोक रांगेत उभे राहून पाटी वाचायचे आणि टँकर पुढच्या गल्लीत निघून जायचा. तरी आनंद खरा होता. आपल्याला आता कलेक्टर आहे म्हटल्यावर माणूस तहानेतसुद्धा ताठ उभा राहतो. स्वागत समिती निघाली, तेलगिरणीवाले शिवमूर्ती शेठ अध्यक्ष झाले, आणि त्यांनी ठरवलं की शाळेच्या मैदानावर नांदेडचा ऑर्केस्ट्रा आणायचा.

नांदेडच्या त्या ऑर्केस्ट्राचे मालक रियाज मास्टर. स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे आणि वाजवत नसले तरी गळ्यातून काढायचे नाहीत. त्यांचा गिटारवाला नुकताच सौदीला गेला होता. ही बातमी रेवणला लागली आणि त्यानं नांदेडला जाऊन त्यांना गाठलं. मास्टर म्हणाले, “लातूरच्या प्रोग्रामला एक गाणं तुझ्याकडून वाजवून घेतो. जमलं तर माझ्यात ये, कायमचा. न्हाई जमलं तर घरी जेवायला बोलव, तेवढंच.”

रेवणनं हे घरी सांगितलं. गुरुपादप्पांनी पोत्याची थप्पी लावता लावता ऐकून घेतलं.

“म्हंजे त्या दिवशी एक घाव दोन तुकडे.”

“हाव, आप्पा.”

“घेतलं तर जा. न्हाई घेतलं तर ते लाकूड माळ्यावर टाकायचं आणि दुकानात बसायचं. पुन्हा तँव तँव ऐकू यायला नको. तुझी बायको बी कंटाळून राहिली.”

बायको, जगदेवी, आतून म्हणाली, “मी कंटाळले न्हाई. मला आता ते पाठ झालंय.”

असा सौदा. दहा वर्षांची साल निघालेली बोटं एका बाजूला आणि माळा दुसऱ्या बाजूला.

गाणं कोणतं, याचा प्रश्नच नव्हता. शिवमूर्ती शेठनी मास्टरना पत्रच टाकलं होतं की आमच्या गावचं गाणं झालंच पाहिजे. मास्टरांनी ते गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. पण धंद्याचा माणूस, त्यांनी हैदराबादच्या एका शौकिनाकडून रेकॉर्ड शोधून कॅसेटवर उतरवून घेतली आणि आपल्या लोकांना बसवून दिली. इथं त्यांनी एक चूक केली. त्यांना वाटलं की गाणं सगळीकडं सारखंच असतं.

प्रोग्रामच्या दिवशी दुपारी मैदानावरच तालीम झाली. रेवण मांडीवर गिटार घेऊन बसला. गाणं सुरू झालं, मधलं म्युझिक आलं, रेवणनं पहिली पायरी घेतली, आणि मास्टरांचा भाता उघडा तो उघडाच राहिला. दुसऱ्या पायरीला त्यांनी मान वाकवून रेवणचा हात पाहिला. तिसरीला ते उठून उभे राहिले. चौथीला ‘टक’ झालं, रेवण तळघरात गेला, नांदेडचा अख्खा ऑर्केस्ट्रा वरच राहिला, आणि मग एकेक वाद्य जिन्यावरून भांडी घरंगळल्यासारखं खाली आलं.

“थांबा, थांबा,” मास्टर म्हणाले. “बेटा, आधी हे सांग, ती एक तार वर कशी नेतोस?”

रेवणनं अनामिका दाखवली. मास्टरांनी घट्टा चाचपून पाहिला.

“अरे, ते पायाचं काम आहे. त्या गिटारला खाली पायडल असतात. पायडल दाबलं की तेवढीच तार ताणली जाते. बंबईत मी लांबून पाहिली आहे. तू बोटानं ओढतोस?”

“आमच्याकडं पायडल शिलाई मशीनला असतं,” रेवण म्हणाला.

“बरं. आणि आता हे सांग, ते लाकडावर काय आपटलंस?”

“ती डग्ग्याची थाप हाय.”

मास्टरांनी आपल्या डग्गेवाल्याकडं पाहिलं. डग्गेवाल्यानं हात वर केले. मग मास्टरांनी टेपरेकॉर्डर जवळ ओढला आणि कॅसेट लावली.

मी तिथंच होतो म्हणून सांगतो. रेवणचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता आणि मी हसण्याच्या तयारीतही होतो. गिटार तीन पायऱ्या चढली. ‘टक’ झालं नाही. चौथी पायरी आली. आणि चौथ्या पायरीवर तेच, एक तार उभी आणि दुसरी तिच्या शेजारून सरकत वर, पण एकदा नव्हे, वर जाऊन, थोडी खाली येऊन, पुन्हा त्याहून वर. पिसातलं सगळ्यात चांगलं तेवढंच होतं. बाकीच्या तीन पायऱ्या तिथं पोचण्यासाठी होत्या. दीड मात्रेचा मामला, चहाचा घोट गिळायला लागतो तेवढा वेळ. रेवण दहा वर्षं जिना झाडत होता आणि वरच्या खोलीचं दार त्यानं पाहिलंच नव्हतं.

“पुन्हा लावा,” तो म्हणाला.

मास्टरांनी लावली.

“पुन्हा.”

दहा वेळा लावली. अकराव्यांदा मास्टर वैतागले. “तुमच्या गावची रेकॉर्ड चरा पडलेली आहे, एवढी गोष्ट कळायला दहा वर्षं? तुम्ही जिल्हा कसा काय झालात?” त्यांची माणसं हसली. मीही हसलो, बोंगोवाला असूनसुद्धा, आणि मला कुणी विचारलं नाही की तुझे कान कुठं होते.

रेवण हसला नाही की चिडला नाही. तो टेपरेकॉर्डर उचलून मैदानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली गेला, कॅसेटला कान लावून बसला आणि तोंडानं म्हणायला लागला. या खेपेला चार दिवस लागले नाहीत. तासाभरात बोटावर आला. परत येऊन त्यानं तो वाजवला तेव्हा मास्टर एवढंच म्हणाले, “संध्याकाळी असाच. तो ‘टक’ विसरलास तर सोमवारपासून तू माझा.”

संध्याकाळी मैदान भरलं. पुढं खुर्च्या, खुर्च्यांत नवे साहेब, साहेबांच्या मागं जुने सावकार, तिसऱ्या रांगेत गुरुपादप्पा हातात टोपी धरून. मागं जमिनीवर सगळं लातूर. सहा गाणी झाली, लोक जांभया देऊन राहिले होते. सातवं गाणं सुरू झालं आणि मैदान उठलं. पोरं स्टेजपुढं येऊन नाचायला लागली. मधलं म्युझिक आलं. रेवणनं पहिली पायरी घेतली, शिट्ट्या. दुसरी, तिसरी. पोरं गुडघ्यात वाकली आणि सगळी एकदम हवेत.

रेवण मात्र चौथ्या पायरीवर चढला.

हवेतला माणूस तालाची वाट पाहत हवेत थांबू शकत नाही. पोरं खाली आली तेव्हा म्युझिक अजून वर होतं. कुणी दुसऱ्याच्या पायावर आलं, कुणी पुन्हा अर्धं उडालं, मधोमध एक ढीग झाला आणि ढिगातून आवाज आला, “रेव्या, चुकलास बे.” मग मागून, “दहा वर्सं वाजवून राहिला अन् आजच चुकला.” मग शिट्ट्या, पण वेगळ्या. एक चप्पल आली. ती डग्गेवाल्याला लागली. एवढ्या गोंधळात त्या दीड मात्रेत काय होतं ते कुणाच्या कानावर गेलं असेल असं मला वाटत नाही.

शिवमूर्ती शेठ उपरणं सावरत स्टेजवर आले. माईक हातात घेऊन म्हणाले, “मास्टर, आमचं गाणं नीट वाजवा.”

“शेठ, नीटच वाजवलं. तुमच्या रेकॉर्डला चरा आहे.”

हे माईकवरून गेलं आणि मैदान एकदम गार पडलं. नांदेड जुना जिल्हा, मोठा जिल्हा, त्यांनी येऊन आमच्या रेकॉर्डला नावं ठेवायची. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट असती तर चालली असती. आता आम्हाला कलेक्टर होता.

शेठ म्हणाले, “निजामभाई, रेकॉर्ड आणा.”

निजामभाई तिथंच होते, भोंगा त्यांचाच होता. रेकॉर्ड लावली. तीन पायऱ्या, ‘टक’, आणि मैदानातले पाचशे लोक जागच्या जागी उडाले. टाळ्या थांबेनात. मग मास्टरांनी कॅसेट लावली. लोकांनी ती भूक नसताना वाढलेल्या भातासारखी ऐकली. एकजण म्हणाला, “उगंच लांबवलंय.” दुसरा म्हणाला, “नांदेडवाल्यांनी आपल्या सोयीनं भर घातलीय.” साहेब लोक घड्याळ बघायला लागले.

“आता असं करू,” शेठ म्हणाले. “आपला रेवणसिद्ध इथं आहे. गुरुपादप्पाचा मुलगा आहे, आपल्यातला आहे, दहा वर्सं त्यानं हे वाजवलंय. तो काय म्हणतो ते धरायचं. सांग रे बाबा. खरं कोणतं?”

रेवणला माईकवर बोलायची सवय नव्हती. तो गिटार बाजूला ठेवून उठला.

“रेकॉर्डला चरा हाय, शेठ.”

“मेरी रेकॉर्ड कू?” निजामभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते राग नव्हता, त्याच्यापेक्षा वाईट होतं.

रेवणनं मशीनवरून रेकॉर्ड उचलली आणि स्टेजवरच्या बल्बपुढं तिरकी धरली. चरा पांढरा चकचकीत दिसत होता. शेठनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, आणि चष्मा काढून घडी घातली.

“चरा तर हाय,” ते माईकवर म्हणाले. “पण गाणं बी असंच हाय.”

निकाल लागला. मैदान खूश झालं. मास्टर, जे दुपारी आम्हाला हसले होते, ते रेवणच्या कानाशी आले. माईक उघडा होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं. “वाजव बाबा त्यांना पाहिजे तसं. कर टक. आम्हाला जेवून रात्रीची गाडी धरायची आहे.”

“मी न्हाई वाजवणार,” रेवण म्हणाला.

“मी सांगतोय. मालक मी आहे.”

“तुम्हीच दुपारी म्हणालात टक विसर. विसरलो.”

आणि तो खाली बसला, गिटार मांडीवर घेतली आणि एकट्यानंच ती चौथी पायरी वाजवली. हळू. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, शाळेतले मास्तर फळ्यावर एकच गणित तीनदा सोडवून दाखवतात तशी. त्याची खात्री होती की लोकांना नीट ऐकवलं की पटेल. माणूस पोती विकणाऱ्याच्या घरात जन्मला आणि गिऱ्हाईक ओळखायला शिकला नाही. तिसऱ्यांदा वाजवून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी शेजारच्याला विचारलं, “हे ट्यूनिंग चाललंय का?” तिसऱ्या रांगेत गुरुपादप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उठून गेले.

शेठ म्हणाले, “पुरे. पुढचं गाणं घ्या.” पुढची कव्वाली झाली, लोक माफ करून मोकळे झाले, आणि रेवण कव्वालीत गिटारला काम नसल्यामुळे स्टेजच्या मागं जाऊन उभा राहिला. मी गेलो. मला वाटलं रडत असेल. तर तो मला म्हणाला, “दुसऱ्यांदा तार थोडी कमी चढली का रे?”

प्रोग्राम संपल्यावर मास्टर डग्गे गाडीत चढवत होते. रेवण पुढं होऊन उभा राहिला. मास्टरांनी त्याच्याकडं न बघता बोलायला सुरुवात केली.

“माझं न ऐकणारे माझ्याकडं आधीच चार आहेत. एक व्हायोलिनवाला, दोन गाणाऱ्या, आणि एक माझा भाऊ. पाचवा घेऊन मी काय करू?”

मास्टर शेवटचा डग्गा आत ढकलून त्याच्याकडं वळले.

“ते बोट दाखव.”

दाखवलं.

“सोमवारी सकाळी ये. आणि लातूरच्या प्रोग्रामला तुला आणणार न्हाई, हे आत्ताच सांगून ठेवतो.”

सोमवारी पहाटे गुरुपादप्पांनी दुकान उघडलं. रेवण गिटार घेऊन पाया पडायला गेला. बापानं पाठीवर हात ठेवला, पण तोंड पोत्यांकडंच होतं.

“बोललो होतो, घेतलं तर जा. जा. पण गोलाईतून जाऊ नको. मागच्या गल्लीनं स्टँडला निघ. लोक दुकानं उघडून राहिलेत.”

एवढी साधी गोष्ट. मागची गल्ली जवळचीही होती. मी गिटारचं एक टोक धरलं होतं, मी त्या गल्लीकडं वळलोही. रेवण सरळ गोलाईत गेला.

पहिला भेटला पानवाला. म्हणाला, “काय रे रेवण, त्या दिवशी हात लचकला का?” रेवण थांबला. त्याला समजावून सांगायला लागला की कपची कुठं पडली, सुई कशी उडी मारते, मधलं किती जातं. पानवाल्यानं सगळं ऐकून चुना लावला आणि म्हणाला, “पण आमच्या लग्नात तर बरोबर वाजलं होतं.” पुढं किराणावाला. त्याला तोंडानं म्हणून दाखवलं. मग दोन हमाल, मग आडत्याचा मुनीम, मग न्हावी, ज्यानं वस्तरा हातात धरून अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग उडी कुठं मारायची?” रेवणनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नांदेडची सातची गाडी गेली. साडेआठचीही गेली. एकाही माणसाला पटलं नाही, आणि अजून अर्धी गोलाई बाकी होती. मी गिटार पानाच्या टपरीवर टेकवून बसलो. तेवढ्यात गुरुपादप्पांच्या दुकानातला हमाल गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला.

“आप्पा विचारून राहिलेत,” तो म्हणाला, “रेवण गेला, का अजून गावातच हाय?”